कप्तानाचा घसरलेला रुमाल

पहिली किंकाळी मालकांची होती.

फेलिसी तेव्हा छापखान्याच्या दारातच होती. एका हातात बाबांचा लोकरी गळपट्टा आणि दुसऱ्या हातात कागदात गुंडाळलेले हरभऱ्याच्या पिठाचे गरमागरम काप. बाहेर मिस्त्राल हा उत्तरेचा कोरडा वारा सुटला होता. अकरा वाजल्यापासून तो मार्सेयच्या गल्लीबोळांतून पिसाळल्यासारखा धावत होता. दार उघडायलाही तिला खांद्याने जोर लावावा लागला होता.

किंकाळी मागच्या कोठीतून आली. शिळांच्या कोठीतून.

ती धावली. शिळा घासायच्या हौदापाशी तिचा पाय सरकला आणि काप सांडले. बुटाला करडा, चिकट चिखल लागला होता. तो पुसायला ती थांबली नाही.

कोठीत छापायची चित्रं ज्यांवर काढतात त्या दगडी शिळा पुस्तकांसारख्या उभ्या मांडलेल्या होत्या. दोन मांडण्यांच्या मधे गास्तोकाका पालथे पडले होते. टोपी बाजूला घरंगळली होती. डोक्यामागचं रक्त सुकून काळं पडलं होतं. शेजारी लोखंडी पहार पडली होती, आणि तिच्या मुठीवर 'ओ. रुबो' अशी अक्षरं कोरलेली होती.

ओग्युस्त रुबो. फेलिसीचे बाबा.

"पोरी, बघू नकोस!" मालक इस्नार तिच्या डोळ्यांपुढे हात धरत म्हणाले. 

पण तिने बघितलं होतं.

*

इन्स्पेक्टर बार्बारू जाडजूड होते आणि सर्दीने बेजार झालेले होते. कागदांच्या ढिगावर बसून त्यांनी वही उघडली.

"मेलेला माणूस कोण?"

"सिप्रियँ गास्तो," मालक म्हणाले. "आमचे चित्रकार. 'तीन डॉल्फिन' जहाज कंपनीचा जाहिरातीचा नकाशा तेच काढत होते. कंपनीच्या सगळ्या बंदरांचा. ट्यूनिसचे उंट, अलेक्झांड्रियाचा दीपस्तंभ, समुद्रात उसळणारे डॉल्फिन. उद्या सकाळी कंपनीचा माणूस तीस नमुना प्रती न्यायला येणार होता, आणि आज हे असं..."

"डॉक्टर म्हणतात, दोन ते तीनच्या मधे गेले. तेव्हा छापखान्यात कोण कोण होतं?"

"तिघंच. वारा सुटला की आम्ही रंग छापत नाही साहेब, तसा नियमच आहे. बारालाच मी बायकांना घरी पाठवलं, मीही जेवायला गेलो. मागे राहिले गास्तो, रुबो आणि देलात्र. पाचला परत आलो, तर..."

"नियम आहे, तर हा देलात्र काय करत होता?"

"हाताने फिरवायच्या यंत्रावर लाल रंग छापत होता," मालक जरा ओशाळून म्हणाले. "उद्याची मुदत होती. मी नको म्हटलं, पण तो ऐकेना."

आशिल देलात्र पुढे आला. उंच, फिकट आणि टापटीप. उत्तरेकडच्या लिलहून येऊन त्याला चारच महिने झाले होते.

"ऐकेना म्हणजे काय?" तो म्हणाला. "आमच्याकडे लिलमध्ये वादळ येवो नाहीतर बर्फ पडो, माणूस काम करतो. तुम्हा दक्षिणेकडच्यांना वाऱ्याची झुळूक आली की लगेच बडीशेपेची दारू आठवते."

"तोंड सांभाळ. मी इथलाच आहे," बार्बारू नाक शिंकरत म्हणाले. "दोन ते तीन कुठे होतास?"

"यंत्रावर. दीडपासून साडेचारपर्यंत. आठ रंग आधीच चढले होते, नववा लाल राहिला होता. एका प्रतीला सहा मिनिटं लागतात. तीस प्रती, तीन तास. हिशोब करा."

"बाजूच्या कोठीत माणूस मारला गेला, आणि तुला काहीच ऐकू आलं नाही?"

"खिडकीची झडप तोफेसारखी आपटत होती, साहेब. शेजारी लग्नाचा बँड वाजला असता तरी ऐकू आलं नसतं."

प्रती दोरीवर वाळत होत्या. ओळीने तीस निळे समुद्र आणि तीस हसरे कप्तान. बार्बारूंनी दाराजवळच्या प्रतीला बोट लावलं. बोट लालभडक झालं.

"ओलं आहे," ते पुटपुटले. "इस्नारमहाशय, बारा वाजता या प्रती लाल नव्हत्या?"

"नव्हत्या. मी स्वतः गठ्ठा बघितला. वरच्या दोन-तीन प्रती उचलून पाहिल्या. लालचा ठिपकासुद्धा नव्हता."

"आणि हे काम कोणाला तीन तासांच्या आत जमेल?"

"कोणाच्या बापालाही जमायचं नाही."

देलात्र मंद हसला.

मग बाबांची पाळी आली.

"दोन ते तीन कुठे होतात, रुबो?"

"कागदाच्या खोलीत. ओली गोणपाटं टांगत होतो. वारा सुटला की कागद सुकतो, त्याला ओलावा द्यावा लागतो."

"कोणी पाहिलं?"

"दार बंद होतं. ओलावा ठेवायचा तर दार उघडं कसं ठेवणार?"

"ही पहार तुमचीच?"

"माझीच. शिळा उचलायला लागते. कोठीतच असते."

"दुपारी बारा वाजता तुम्ही गास्तोंवर ओरडत होतात. पाच बायकांनी ऐकलंय. काय म्हणालात?"

बाबांनी मान खाली घातली. "म्हणालो, तुझं डोकं फोडलं पाहिजे."

बार्बारूंनी ते वहीत उतरवून घेतलं. वाऱ्याने झडप आपटत होती.

"साहेब, आम्ही दोघं वीस वर्षं असेच भांडत आलोय!" बाबांचा आवाज फाटला. "त्याला नकाशावर मार्सेयच्या धक्क्याजवळ एक बाई काढायची होती. तीच ती, जानेवारीतली, निर्वासितांच्या छावणीतली आर्मेनियन आराक्सी. तिचं तिकीट खोटं निघालं म्हणून जहाजाच्या शिडीवरून परत हाकललेली, आणि मग लेकराला घेऊन पाण्यात उडी टाकलेली. त्याने एका वेगळ्या छोट्या शिळेवर तिचं चित्रसुद्धा काढून ठेवलं होतं. मी म्हटलं, अरे वेड्या, जाहिरातीत कोणी प्रेत दाखवतं का? कंपनी आपल्या पोटावर पाय देईल. एवढंच बोललो."

बार्बारूंनी वही मिटली.

"चला, रुबो."

"बाबा!"

"घरी जा, चिमणे. दाराला कडी लाव." बेड्या पडल्या तसं बाबांनी तिच्याकडे पाहायचं टाळलं. "आणि गळपट्टा तुझ्याकडेच राहू दे. थंडी आहे."

पोलिसांनी शिळांच्या कोठीला लाखेचं सील ठोकलं.

*

खून म्हणजे गिलोटीन. हे मार्सेयमध्ये शाळकरी पोरींनाही ठाऊक असतं, आणि फेलिसी सतरा वर्षांची होती.

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, ती शाळेत गेली. लॅटिनच्या तासाला तिने वहीवर नुसत्या चौकटी काढल्या. मुली तिच्यापासून दोन बाकं लांब बसल्या होत्या.

तिच्या पोटात एक गोष्ट दगडासारखी बसली होती. ती तिने कोणालाच सांगितली नव्हती.

गुरुवार म्हणजे शाळेला सुट्टी. दर गुरुवारी ती छापखान्यात बायकांबरोबर यंत्रावर कागद लावायची, आणि बाराला घरी जाण्यापूर्वी हौद धुऊन पुसून लख्ख करायची. त्या गुरुवारी सकाळी गास्तोकाका तिच्याजवळ येऊन बसले होते. रोज थट्टामस्करी करणारे काका त्या दिवशी म्हाताऱ्या घोड्यासारखे थकलेले दिसत होते.

"फेलिसी, माझ्या लाल रंगाच्या शिळेची पाठ बाटली गं."

"म्हणजे?"

"कोणीतरी तिच्या पाठीवर पाप करून ठेवलंय. काल पाहिलं मी. त्याला संध्याकाळपर्यंत मुदत दिलीय. मालकांना स्वतःच्या तोंडाने सांग म्हटलं. नाहीतर मी सांगेन."

"कोणाला, काका?"

त्यांनी तिच्या केसांत हात फिरवला होता. "चांगल्या कारागिराला एक संधी द्यावी," एवढंच ते म्हणाले होते.

चांगला कारागीर. छापखान्यात सगळ्यात चांगला कारागीर कोण? बाबा. शिळा घासायचं, सांभाळायचं काम कोणाचं? बाबांचंच.

पोलिसांना हे सांगायचं म्हणजे आपल्याच हाताने बाबांच्या मानेवर पातं ठेवायचं. न सांगावं, तर काका उगाचच मेले. दोन रात्री तिचा डोळ्याला डोळा लागला नाही.

*

शनिवारी शाळा सुटल्यावर ती मुद्दाम बंदरावरून गेली. वारा अजून पडला नव्हता.

'तीन डॉल्फिन' कंपनीच्या काचेसमोर लोक गर्दी करून उभे होते. आत नकाशाच्या चार प्रती लावल्या होत्या. कंपनीला कशाचीच लाज नव्हती. चित्रकार थंडगार पडला होता, आणि इथे त्याचे उंट हसत होते.

फेलिसीने काचेला नाक लावलं. काकांचा हात तिला रेघेरेघेत ओळखू येत होता. डावीकडे खालच्या कोपऱ्यात गळ्यात लाल रुमाल बांधलेला जाडा कप्तान. तो काकांनी बाबांवरूनच काढला होता. मिशासुद्धा तशाच.

ती हसली, आणि लगेच थांबली.

चौथ्या प्रतीतल्या कप्तानाचा रुमाल गळ्यात नव्हता. पाव बोट खाली घसरला होता. गळ्याशी पांढरी फट दिसत होती, आणि लाल रंग कोटाच्या निळ्यावर चढून जांभळा झाला होता.

पहिल्या तीन प्रतींत मात्र रुमाल चपखल.

तिने पुन्हा पाहिलं. चौथ्या प्रतीत मधल्या डॉल्फिनचे ओठ जागेवर होते. उजव्या कडेच्या उंटाचं खोगीर मात्र पाठीवरून निसटलेलं. मधे ठीक, कडेला चुकलेलं.

"सरक ना गं पोरी, आम्हालाही बघू दे," मागून एक मासेवाली म्हणाली.

"बघा मावशी, बघा! नीट बघा!" फेलिसी ओरडली आणि पळत सुटली. दप्तर पाठीवर आपटत होतं, वारा तोंडावर थपडा मारत होता. दोन दिवसांत पहिल्यांदाच तिला पोटभर श्वास घेता आला.

*

"पहिल्यापासून सांग. आणि जरा हळू," बार्बारू म्हणाले.

तिने सगळं सांगितलं. लाल शिळेच्या पाठीचंसुद्धा.

"हे गुरुवारी का नाही सांगितलंस?"

"मला वाटलं, ते बाबाच असतील."

 बार्बारूंनी टोपी उचलली. "तुझं चुकलं तर तुझ्या बापाचे हाल कुत्रा खाणार नाही, हे कळतंय ना तुला?"

"कळतंय. पण एक मागणं आहे साहेब. बाबांना तिथे आणा. त्यांच्यावाचून दाखवता येणार नाही."

*

तासाभरात सगळे छापखान्यात जमले. मालक हात चोळत होते. देलात्र भिंतीला टेकून उभा होता. दोन शिपायांच्या मधे बाबा होते. दाढी वाढलेली, हातात बेड्या. काचेतल्या चार आणि उरलेल्या सव्वीस, अशा तीसही प्रती कंपनीकडून मागवून टेबलावर पसरल्या होत्या.

"बोल," बार्बारू म्हणाले.

 फेलिसीने एकदा बाबांकडे पाहिलं.

"मालक, वारा सुटला की आपण रंग का छापत नाही?"

"हे काय विचारणं झालं? मिस्त्राल हवेतला ओलावा पिऊन टाकतो. कागद आकसतो. आधीचे रंग कागदाबरोबर आकसलेले, आणि शिळा तेवढीच्या तेवढी. मग नवा रंग जागेवर कसा बसेल? मधे बसेल, कडेला घसरेल."

"किती घसरेल?"

"एवढ्या मोठ्या कागदावर? पाव बोट."

"गुरुवारी वारा कधी सुटला?"

"अकराला. सगळं शहर सांगेल."

"मग देलात्रमहाशयांनी दीड ते साडेचार या वेळात छापलेल्या प्रतींचा लाल रंग कडेला घसरलेला असायला हवा. तीसच्या तीस प्रतींत. आता हे बघा."

तिने प्रती एकेक करून पालटल्या. रुमाल गळ्यात. रुमाल गळ्यात. रुमाल गळ्यात. बार्बारू भिंग घेऊन वाकले. सत्तावीस प्रतींत लाल रंग केसभरही हलला नव्हता. तीन प्रतींत तो घसरला होता.

"या तीन गुरुवारी दुपारी छापल्या," फेलिसी म्हणाली. "बाकी सत्तावीस वारा सुटायच्या आधीच छापून झाल्या होत्या. बुधवारी संध्याकाळी, सगळे घरी गेल्यावर. मग कागद आकसला तरी सगळे रंग एकदमच आकसले. गुरुवारी बाराला मालकांनी गठ्ठा पाहिला तेव्हा वर लाल न चढलेल्या तीनच प्रती ठेवलेल्या होत्या. आणि साहेब, तुम्ही बोट लावलंत ती प्रत दाराजवळची होती. ओल्या तीन प्रती मुद्दाम दाराशी टांगल्या होत्या. आतल्या कोणी चाचपल्याच नाहीत."

मालकांनी त्या तीन प्रती उचलून उजेडात धरल्या.

"तीन प्रतींना अठरा मिनिटं लागतात," ती म्हणाली. "उरलेला वेळ तुम्ही कुठे होतात, देलात्रमहाशय?"

"हा पोरखेळ आहे," देलात्र म्हणाला. "माझा हात चांगला आहे, म्हणून रंग जागेवर बसला. तुमच्या लोकांना वाऱ्याचं निमित्त लागतं, मला लागत नाही."

"लिलला मिस्त्राल नसतो," बाबा पहिल्यांदाच बोलले. "चार महिने मी तुला सांगत होतो, आशिल. तू हसायचास."

"राहिलेला वेळ कुठे गेला ते मी सांगते," फेलिसी पुढे म्हणाली. "हौदापाशी. गुरुवारी बाराला मी तो धुऊन पुसून ठेवला होता. पाचला तिथे करडा चिखल होता. माझा पाय घसरला त्यावरून. बाबा गोणपाटं भिजवत होते, म्हणून पाणी सांडलं असेल असं सगळ्यांना वाटलं. पण गोणपाटाच्या पाण्यात वाळू आणि दगडाचा गाळ कुठून येईल? तिथे कोणीतरी शिळा घासली होती. लाल शिळेची पाठ."

बार्बारूंनी सील तोडलं. दोघा शिपायांनी लाल शिळा उचलून आणली आणि जाड लोकरी नमद्यावर पालथी ठेवली. पाठ गुळगुळीत होती. कोरी करकरीत.

देलात्रने खांदे उडवले. "बघा. काही आहे का?"

"बाबांचे हात सोडा, साहेब," फेलिसी म्हणाली.

बेड्या निघाल्या. ओग्युस्त रुबोंनी मनगटं चोळली, बाह्या सरसावल्या. ओल्या स्पंजाने त्यांनी शिळा पुसली. मग रुळाला काळी शाई लावली. 

"शिळेवर तेलकट खडूने काढलं की तेल आत मुरतं," रूळ फिरवत बाबा शांतपणे म्हणाले. "ते काढायचं तर दिवसभर घासावं लागतं. दोन तासांत वरवरचं जातं, मुळातलं नाही."

रूळ एकदा फिरला. काही नाही. दुसऱ्यांदा फिरला. काही नाही. 

तिसऱ्या फेरीला दगडावर करडी सावली उमटू लागली. आधी एक वर्तुळ. मग त्यात आरशातल्यासारखे उलटे उसळणारे तीन डॉल्फिन. वर्तुळ एकदा नव्हे, चोवीस वेळा. ओळीने.

"तिकिटावरचा शिक्का!" मालक किंचाळले. "कंपनीच्या तिकिटावरचा लाल शिक्का!"

"गास्तोकाकांना बुधवारी हेच दिसलं," फेलिसी म्हणाली. "आर्मेनियन लोकांच्या छावणीत खोटी तिकिटं विकली जात होती, ती इथे छापली जात होती. त्यांनी मालकांना सांगायच्या आधी एक दिवसाची मुदत दिली, कारण त्यांना यांचं काम आवडायचं. त्या मुदतीत यांनी सत्तावीस प्रती छापून ठेवल्या. वारा सुटल्यावर छापखाना रिकामा झाला, हे यांच्या पथ्यावरच पडलं. नियम मोडून काम करणारा मेहनती माणूस म्हणून सगळ्यांच्या नजरेतही भरले. दोन वाजता बाबांची पहार उचलली. मग दोन तास शिळा घासली. मग तीन प्रती छापल्या. शिळा आणखी घासणार होते, पण पोलिसांनी कोठीला सील ठोकलं."

देलात्रचा चेहरा दगडाच्या भुकटीसारखा झाला होता. एक शिपाई त्याच्या पाठीमागे जाऊन उभा राहिला.

"म्हातारा एकसारखा त्या बाईबद्दल बोलत होता," तो हळूच म्हणाला. "एकसारखा. मी तिला पाण्यात ढकललं नव्हतं."

"नाही," फेलिसी म्हणाली. "तुम्ही तिला तिकीट दिलंत."

बार्बारूंनी टेबलावरच्या बेड्या उचलल्या. बाबांच्या मनगटाची ऊब अजून त्यांना होती.

*

सोमवारी काकांना पुरलं. मंगळवारी पहाटे वारा पडला.

कंपनीने नकाशे परत नेलेच नाहीत आणि काम दुसऱ्या छापखान्याला देऊन टाकलं. मालक दिवसभर कपाळाला हात लावून बसले होते. बाबा मात्र कोठीत गेले आणि एक लहान शिळा छातीशी धरून बाहेर आले.

"माझ्याशी जिच्यावरून भांडला, ती ही," ते म्हणाले. "मी त्याला शेवटचं काय बोललो, माहितेय ना तुला?"

 फेलिसीने खिडकी उघडून हात बाहेर धरला. पान हलत नव्हतं.

"वारा नाही, बाबा."

"मग कागद आण."

तिने घसरलेल्या रुमालाची प्रत आणली. बाबांनी ती निरखली, मान हलवली आणि बाजूला ठेवली. "ही नको. त्याची बाई जागेवर उभी राहिली पाहिजे. चांगली आण."

यंत्राचा दांडा एकदा फिरला. कागद उचलला तेव्हा मार्सेयच्या धक्क्यावर, हसऱ्या कप्तानाच्या आणि उसळत्या डॉल्फिनांच्या मधोमध, नखाएवढी एक बाई उभी होती. कडेवर मूल, हातात तिकीट. ती समुद्राकडे बघत नव्हती. नकाशा बघणाऱ्याकडे बघत होती.

बाबांनी प्रत वाळत घातली. मग त्या ओल्या कागदासमोर, टोपी हातात घेऊन, दोघंही रंग वाळेपर्यंत उभी राहिली.